श्रावणात काशिनाथने काय खायचं

पेणच्या आमच्या शाळेत बाईंची छत्री कोणी उसनी मागत नसे. बाहेर मुसळधार पाऊस असो, मुख्याध्यापकांना एस.टी. गाठायची घाई असो, आणि शिक्षकांच्या खोलीत ती लाकडी दांड्याची मोठी काळी छत्री रिकामी उभी असो, तरी ते शिपायाला दुसऱ्याची छत्री आणायला पिटाळत. याचं कारण मला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. आदल्या वर्षी कार्यालयात कपाटामागे एक लांबलचक धामण शिरली होती. वरच्या वर्गातली पोरं काठ्या घेऊन दारात जमली. बाई आपला तास सोडून आल्या, पोरांना बाजूला केलं, छत्री अर्धवट उघडून कपाटाच्या फटीशी आडवी धरली आणि दुसऱ्या बाजूने फूटपट्टी वाजवली. समोर अंधारी जागा दिसल्यावर धामण आपणहून छत्रीत गेली. बाईंनी छत्री मिटून ती तान्हं मूल धरावं तशी दोन्ही हातांवर घेतली आणि शाळेमागच्या शेतात नेऊन रिकामी केली. परत येऊन त्यांनी नववीचा उरलेला तास पुरा केला. मुख्याध्यापक रागावले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की तुमची हजेरीबुकं उंदीर खातात आणि उंदीर धामण खाते, तेव्हा ती तुमच्याच कामाला आली होती.

मी चित्रकलेचा शिक्षक. घर हमरापूरला, घरात दोन पिढ्या गणपती बनवायचं काम. बाई शास्त्र शिकवायच्या. माझी त्यांची पहिली भेट एका तक्त्यावरून झाली. मुख्याध्यापकांनी मला प्रयोगशाळेसाठी बेडकाचं चित्र काढायला सांगितलं होतं. मी पुस्तकात बघून, चार दिवस राबून, हिरवागार बेडूक काढला. बाईंनी तक्ता उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "हा कुठला?"

मी म्हटलं, पुस्तकातला.

"मग राहू दे त्याला पुस्तकातच," त्या म्हणाल्या. "आपल्याकडचा काढा."

आणि मला घेऊन त्या शाळेमागच्या भाताच्या खाचरावर गेल्या. साडी पिंढरीपर्यंत वर खोचलेली, पायात पुरुषी गमबूट. एक मोठा बेडूक त्यांनी ओल्या हाताने अलगद उचलला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, गणपतीचे डोळे आखता ना घरी, मग याचे नीट बघा. मी बघितले. बाहुलीभोवती सोन्याचा वर्ख लावल्यासारखं कडं होतं. जन्मभर भातशेतात वावरलेल्या मला ते तोवर दिसलं नव्हतं.

बाई रोह्याकडच्या. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. पेणला एका खोलीत राहत. बोलणं तुटक, कधीकधी लागेल असं. चूक झाली तरी माफी मागत नसत. फार तर दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यातली वालाची उसळ समोर सरकवत, ती माफी समजायची. पोरं त्यांना पाठीमागे बेडूकबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा एका मुलाच्या तोंडून समोरच निघून गेलं, तो पांढराफटक पडला, तर बाई म्हणाल्या, बेडकाला विचारलं पाहिजे त्याला चालतंय का.

त्यांच्या वर्गाच्या दोन रीती होत्या. दर सोमवारी पहिला प्रश्न एकच, काय दिसलं? रविवारभर तू हिंडलास, तुला काय दिसलं? "काय नाय" हे उत्तर त्यांना चालत नसे. काहीच दिसलं नाही असं सांगणाऱ्याला त्या खिडकीशी उभा करत आणि काहीतरी दिसेपर्यंत बसू देत नसत. दुसरी रीत फळ्याच्या उजव्या कोपऱ्याची. तिथे खडूने चौकट आखून वर लिहिलेलं असे, 'माहीत नाही.' मुलांनी विचारलेला जो प्रश्न बाईंना सुटला नाही, तो त्या चौकटीत जाई आणि उत्तर मिळेपर्यंत पुसला जात नसे. शिपायाला सक्त ताकीद होती. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी एकदा विचारलं, की शिक्षकाने आपलं अज्ञान असं फळ्यावर मांडावं का? बाईंनी सांगितलं, "जे माहीत आहे ते पुस्तकात आहेच, साहेब. फळ्यावर जागा लागते ती याला."

एका वर्षीची गोष्ट, श्रावणातला सोमवार. खाडीकडच्या एका गावातून पायी येणारी सातवीतली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या खाडीवर घारी दिसल्या. लय."

किती, तर मोजता येईनात एवढ्या. कुठे, तर गावाबाहेर बांधावर नवी शेड झाली आहे तिथे. कशासाठी, ते तिला सांगता येईना. बाईंनी प्रश्न चौकटीत लिहिला आणि शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, चला, सायकल काढा.

शेड म्हणजे चार बांबू आणि वर प्लॅस्टिक. आत बारदानाची पोती हलत होती. दोन माणसं पाटावर बसून पोत्यातून जिवंत बेडूक काढत, कोयत्याने कमरेत तोडत, मागचे पाय बर्फाच्या पेटीत टाकत आणि उरलेलं धड मागे खाडीच्या पाण्यात भिरकावत. धडं काही वेळ हात मारत राहायची. घारी आणि कावळे त्यासाठीच जमले होते. मुंबईचा एक व्यापारी रोज टेम्पो पाठवत होता. बेडकांच्या तंगड्या परदेशात जात, तिकडे हॉटेलात खातात, असं त्या माणसांनी आम्हाला सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. गावातले लोक अंधार पडला की बत्त्या घेऊन शेतात उतरत आणि पोती भरून आणत. गावातून बेडूक गोळा करून देणारा माणूस होता काशिनाथ.

काशिनाथ बाईंचा जुना विद्यार्थी. घरी जेमतेम शेत, तेही खारवटलेलं. दहावीपर्यंत त्याची फी बाईंनी माफ करून घेतली होती, परीक्षेच्या वेळी त्याला आपल्या खोलीत बसवून अभ्यास करून घेतला होता. तो शेडमध्येच होता. बाईंना पाहून हातातलं पोतं खाली ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता बाई त्याला फाडून खाणार.  पण त्यांनी वाकून पाण्याच्या कडेचं एक धड उचललं, उलटं करून बघितलं, आणि मग काशिनाथला विचारलं, की यातली थोडी मला रविवारी सकाळी देशील का. तो गोंधळला, पण हो म्हणाला.

परतताना बाई सायकल हातात धरूनच चालत राहिल्या. वडखळच्या रस्त्याला लागल्यावर मला म्हणाल्या, "कोणाच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये." मला अर्थ लागला नाही.  आठवडाभर त्यांनी माझ्यासोबत डबाही खाल्ला नाही.

रविवारी त्या गावात देवळात बैठक होती. बैठक दुसऱ्याच गोष्टीसाठी होती. त्या साली मुठ्यांनी, म्हणजे शेतातल्या काळ्या खेकड्यांनी, लावलेली रोपं कातरून टाकली होती, बांधांना भोकं पाडून खाचरांतलं पाणी घालवलं होतं. वरून अळी पडली होती. दुकानातून औषधाची पावडर आणावी का, कोणती आणावी, हे ठरवायचं होतं. बाईंनी सरपंचांकडे अर्धा तास मागून घेतला. शेडमधून आणलेली धडं बादलीत होती. देवळाच्या पायरीखाली, ओसरीच्या बाहेर, त्यांनी केळीचं पान अंथरलं, प्रयोगशाळेची कात्री काढली आणि एकेक बेडूक उघडून त्याच्या पोटातलं पानावर मांडायला सुरुवात केली. मी बाजूला उभा राहून पाणी ओतत होतो. 

आधी बायकांनी पदर नाकाला लावले. मग हळूहळू माणसं पुढे सरकली. पानावर मुठ्यांच्या नांग्या होत्या, नाकतोड्यांच्या तंगड्या, भुंगेऱ्यांची टरफलं, काळ्या अळ्यांचा गोळाच्या गोळा. एका मोठ्या बेडकाच्या पोटातून उंदराचं पिल्लू निघालं, शेपटीसकट. बाई काही समजावून सांगत नव्हत्या. उघडत होत्या आणि मांडत होत्या. पान भरलं तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "काय गो बाय, ह्याच्या पोटात आमचं शेतच हाय का काय?"

"नाय आजी," बाई म्हणाल्या. "तुमच्या शेतातलं तुम्हाला जे नको होतं, ते हाय."

देवळात गलका झाला. ज्याचं त्याला कळलं होतं. ज्या मुठ्यांसाठी बैठक बोलावली होती, त्यांना खाणारा आपणच पोत्यात भरून देत होतो, हे कोणी मोठ्याने बोलेना, पण सगळे काशिनाथकडे बघायला लागले. ते बघणं मला आवडलं नाही. बत्ती घेऊन सगळेच उतरत होते.

काशिनाथ उठला. आवाज चढवला नाही त्याने. "बाई, तुम्ही दाखवलंत ते खरं हाय. मी नाय म्हनत नाय. पन श्रावनात आमच्या घरी काय असतं ते तुम्ही बघितलंय. लावनी झाली, कापनी लांब. मिठाची कामं बंद. मजुरी नाय. बेडूक अळी खातो, बरोबर. मंग श्रावनात आम्ही काय खायाचं?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्याजवळ प्रत्येकाला द्यायला उत्तर असे, आणि ते बहुतेक वेळा बोचरं असे. त्या कात्री पुसत उभ्या राहिल्या. 

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

आणि सोमवारी त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात, घारींचा प्रश्न पुसून, नवा प्रश्न लिहिला: 'श्रावणात काशिनाथने काय खायचं?'

गावाने बेडूक पकडणं लगेच थांबवलं असं मुळीच झालं नाही. काही घरांनी थांबवलं, काहींनी नाही. पावडर मात्र त्या वर्षी गावाने आणली नाही. बाई रोज त्या प्रश्नाखाली शिकवत होत्या. मुलं उत्तरं आणायची, मासे पकडावे, भाजी लावावी. बाई विचारायच्या, कुठे, कोणाच्या जमिनीत, आणि मूल खाली बसायचं. शाळेत कुजबुज झाली, की शास्त्राच्या फळ्यावर हे काय. मुख्याध्यापक दोनदा बोलले. बाईंनी पुसलं नाही.

उत्तर शेवटी माझ्या घरात निघालं, आणि ते मला सुचलं नाही याची मला अजून लाज वाटते. एके दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, की तुमच्या कारखान्यात आषाढ-श्रावणात माणसं पुरतात का? मी म्हटलं, कसली पुरतात, त्याच दोन महिन्यांत ऑर्डरी असतात, भाऊ मेटाकुटीला येतो. बोलता बोलताच मी थांबलो. बाई वालाचे दाणे सोलत शांतपणे माझ्याकडे बघत होत्या.

काशिनाथ आणि त्याच्या गावची सात-आठ माणसं, त्यात बायकाही, पुढच्या आषाढापासून हमरापूरला आमच्या शेडमध्ये यायला लागली. घासकाम, पॉलिश, मग रंग. काशिनाथचा हात चांगला निघाला. तिसऱ्या वर्षी तो डोळे आखायला बसला, आणि आमच्याकडे डोळे आखायला कोणालाही बसवत नाहीत. पुढे त्याने जोह्याला स्वतःची शेड टाकली. व्यापाऱ्याचा टेम्पो त्या गावातून हटला आणि दुसऱ्या गावांना गेला. बाई त्याच्या मागे गेल्या, नागोठण्यापर्यंत, रविवारी एस.टी.ने, बादली आणि कात्री घेऊन. कुठे ऐकलं, कुठे हाकललं. एका गावात त्यांच्या अंगावर कुत्री सोडली होती, असं त्यांनी मला फार वर्षांनी सहज सांगितलं.

इथे गोष्ट संपवता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण आमच्या कारखान्यात माणसं लागत होती ती कशामुळे? आम्ही शाडू सोडून प्लॅस्टरवर आलो होतो म्हणून. प्लॅस्टर लवकर सुकतं, मूर्ती हलकी होते, ऑर्डर चौपट घेता येते. आणि अनंतचतुर्दशीनंतर त्या मूर्ती नदीत, खाडीत, तळ्यात जशाच्या तशा पडून राहत. बाईंना हे माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी आमच्या शेडमधून एक फुटका प्लॅस्टरचा हात मागून नेला आणि प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवला. महिना झाला, वर्ष झालं, हात तसाच. रंग तेवढा सुटून पाणी गढूळ झालं होतं. फळ्यावर नवा प्रश्न आला: 'प्लॅस्टरच्या मूर्तींचं काय करायचं?' काशिनाथचा प्रश्न पुसला गेला होता, त्याच जागी.

मला वाटलं, त्या मला सुनावतील. एकदाच बोलल्या, तेही स्वतःला. बरणीसमोर उभ्या होत्या. "एक भोक बुजवलं," त्या म्हणाल्या, "आणि दुसरं मीच पाडून दिलं." मी म्हटलं, बाई, तुम्ही नाही, ते आम्ही. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. भावाने प्लॅस्टर सोडलं नाही. घर त्यावर उभं होतं. मी मात्र सुट्टीत थोड्या शाडूच्या मूर्ती करायला लागलो. काशिनाथही निम्म्या करतो. यापलीकडे त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला आलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी सरकारने बेडकांच्या निर्यातीवर बंदी घातली. पेपरातली बातमी मी धावत जाऊन बाईंना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आपल्याच्याने झालं नसतं." हे त्यांच्या तोंडून ऐकणं मला जड गेलं. पण त्या खोटी समजूत कोणाची घालत नसत, स्वतःचीही नाही.

निवृत्त झाल्यावर त्या रोह्याला भाचीकडे राहायला गेल्या. मी वर्षातून एकदा तरी जायचो. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. नजर चांगली होती, कान मात्र पार गेले होते. यंत्र लावलं होतं, ते त्यांनी काढून ठेवलं. त्यात नुसती खरखर येते म्हणाल्या. बोलायचं ते पाटीवर लिहून दाखवायचं.

भाचीच्या घरामागे पूर्वी भाताची खाचरं होती. मी गेलो तेव्हा तिथे मातीचा भराव टाकून प्लॉट पाडले होते, चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब. पाऊस लागून आठवडा झाला होता. बाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाची चहा घेऊन आली. बाईंनी मला विचारलं, "वाजतायत का?"

मला आधी कळलं नाही. भाचीने पटकन मान डोलावली, हो म्हणून. मग लक्षात आलं, बेडूक. मी कान दिला. शिफ्ट सुटून आलेल्या कोणाकोणाच्या मोटरसायकली, लांब कुठे टीव्ही. मी बाईंकडे पाहिलं आणि मान आडवी हलवली.

 भाचीच्या हातावर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "ही रोज हो म्हणते. तिला वाटतं, मला वाईट वाटेल." भाचीचे डोळे भरले. बाईंनी तिला काही मनाला लावून घेऊ दिलं नाही. चहा पिऊन टाकला, आणि मला म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत थांबता का.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा ठरवून मी त्यांना जवळच्या निडी गावाकडे घेऊन गेलो. रात्रभर कोसळून पाऊस थांबला होता. तिथल्या स्टेशनच्या अलीकडे एका वळणावर अजून शेतं आहेत. रिक्षा थांबायच्या आधीच मला आवाज आला. बांधाखाली गुडघाभर पाण्यात पिवळेजर्द बेडूक होते, हळदीत बुडवून काढल्यासारखे, दहा-वीस नव्हे, सगळं खाचर भरून. एकेकाचा आवाज असा, की छातीत घुमावा.

बाईंना धरून मी बांधावर उतरवलं. चिखलात त्यांची चप्पल रुतली, ती त्यांनी काढूनच टाकली. उभ्या राहिल्या. बेडकांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना गर्द निळे फुगे येत होते आणि जात होते, एकाचे बसले की दुसऱ्याचे, साऱ्या खाचरात. रिक्षावाला तरुण माणूस होता. आत बसूनच ओरडला, "आजी, कान फुटायची येळ आली."

बाईंना ते अर्थातच ऐकू गेलं नाही. ते सांगावं म्हणून मी पिशवीतून पाटी काढली आणि लिहायला लागलो. बाईंनी नजर पाण्यावरून न हलवता माझा हात धरला.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "दिसतंय."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, आणि थोड्या वेळाने तोही पँट वर दुमडून आमच्याशेजारी बांधावर येऊन उभा राहिला.